धुरामागची अक्का

माझी थोरली बहीण निलम्माअक्का गेली त्याला आता दीड महिना होईल. बिदरला मैलूरमधल्या एका मंगल कार्यालयात मी शिडीवर चढून लाइटच्या माळा बांधत होतो. कलबुर्गीच्या दवाखान्यातून बायकोचा फोन आला. ‘अक्का गेल्या...’ एवढंच ती बोलली. कमलनगरला आमच्या शेताच्या बांधाशी तिला माती दिली. मग भेटायला माणसं येऊ लागली, आणि जो येईल तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, “विधवा बहिणीला वीस वर्षं सांभाळलास, रेवणसिद्धा. आजकाल कोण करतंय एवढं?” मी मान हलवायचो. प्रत्येकासमोर हलवली. ती हललेली मान मला अजून नीट जेवू देत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

खरं उलटं आहे. कमलनगरच्या बसस्टँडमागे माझं मंडप आणि लाइटिंगचं दुकान आहे. ‘हाताला गुण असलेला मिस्त्री’ असं माझं नाव औराद-भालकीपर्यंत आहे. ते नाव अक्काच्या हातांनी कमावलेलं आहे. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हा दुकानाच्या आतल्या खोलीत बंद पडलेल्या माळांचा ढीग होता. सातवी शिकलेली बाई. कुणी न सांगता एक-एक बल्ब तपासत बसली. महिन्याभरात सगळ्या माळा पेटल्या. पुढे अॅम्प्लिफायर, पंखे, रंगीत दिवे आणि लग्नात नवरीच्या पायाशी धूर सोडणाऱ्या मशिनी... सगळं आतल्या खोलीत जाऊ लागलं. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसायचं. मी वस्तू आत न्यायचो, अक्का दुरुस्त करायची, मी बाहेर आणायचो. आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. बाहेर येण्याआधी मी तेलाच्या फडक्यानं हात काळे करून घ्यायचो.

अक्का ते बघायची. एकदा म्हणाली, “थोडं गालाला बी लाव की. लई मेहनत केल्यावाणी दिसतंय.” आणि स्वतःच हसत सुटली.

मंठाळला दरवर्षी हौशी मंडळींचं नाटक होतं. एका वर्षी त्यात कैलासाचा प्रवेश होता, आणि धुराशिवाय कैलास कसा होणार? आमची मशीन दुपारी तिथे नेऊन लावली तर ती तापेचना. लाल दिवा लागतो, आतलं पत्र्याचं अंग मात्र थंडगार. नाटक मंडळाचे चन्नप्पा मास्तर घाबरेघुबरे झाले. मी अक्काला जीप पाठवून बोलावून घेतलं, आणि ‘बहीण प्रयोग बघायला यायलीय’ असं सगळ्यांना सांगितलं.

रंगमंचामागे सतरंजीवर बसून तिनं मशीन उघडली. तिच्याजवळ एक लाकडी फळी असायची, तिच्यावर शंभरचा बल्ब आणि दोन मोकळ्या वायरी. वायरींमध्ये जो भाग धरला त्यातून वीज जात असेल तर बल्ब पेटणार. हीटर धरला, बल्ब पेटला. थर्मोस्टॅट धरला, पेटला. मग बोटाच्या पेराएवढा थर्मल फ्यूज धरला. अंधार.

“ह्योच मेलाय,” मी म्हणालो. “बदलू या.”

“कामून मेलाय ते बघ की आधी. ह्यो उगं मरत न्हाई.”

तिनं मशीन कितीतरी वेळ निरखली. मग थर्मोस्टॅट माझ्या हातात दिला. त्याची पट्टी चिकटून बसली होती. मशीन पुरेशी तापली की त्यानं वीज तोडायची असते. तो तोडतच नव्हता. हीटर बेफाम तापला, आणि आग लागण्याआधी त्या इवल्याशा फ्यूजनं स्वतः जळून वीज थांबवली. एवढं सगळं तिनं एका बल्बाच्या उजेडात वाचलं. मी तिच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं बघूनही सवय झाली नव्हती.

दोन्ही भाग जवळच्या बसवकल्याणात मिळेनात. हैदराबादहून मागवायचे तर दोन दिवस. अक्का हात धुवायला गेली, तेवढ्यात मी फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा पिळून लावला. मशीन तापली. मास्तरांनी मला मिठी मारली.

अक्का परत आली. मशिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वायर टाकलास व्हय रे?”

“आजचा दिस जाऊ दे अक्का. शब्द दिलाय.”

“वर कापडाचा पडदा हाय. म्होरं लेकरं बसणारेत.”

तिनं पदर खोचला आणि मशिनीशेजारी मांडी घातली. “जा तू. मी हाय हितं.”

नाटक तीन तास चाललं. तीन तास ती बाई तिथून उठली नाही. दर थोड्या वेळानं तापलेल्या पत्र्यावर उजवा तळहात टेकवायची, अंदाज घ्यायची, डाव्या हातानं बटण बंद करायची, थोडं निवलं की पुन्हा चालू. थर्मोस्टॅटचं काम तिचा तळहात करत होता. कैलासाच्या प्रवेशाला असा धूर निघाला की बायकांनी हात जोडले. शेवटी मास्तरांनी मला रंगमंचावर बोलावून शाल घातली. पडदा चार पावलांवर होता. एक नाव घ्यायला किती वेळ लागतो? मी नाही घेतलं...

जीपमध्ये तिनं हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं. “शाल उबदार हाय का रे?” तिनं विचारलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सकाळी वायर काढ.” पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही.

गेल्या आठवड्यात चन्नप्पा मास्तर दुकानात आले. मंडळानं आता स्वतःची मशीन घेतलीय, ती तापत नव्हती. मी मशीन आत नेली नाही. म्हणालो, “मास्तर, मी मिस्त्री न्हाई. सगळं अक्का करायची. तुमच्या नाटकात बी पडद्यामागं तीच होती.”

मास्तरांचे डोळे भरून आले. “बघा, किती मोठं मन तुमचं! गेलेल्या बहिणीला मान द्यायलाव.”

त्यांना ते पटेचना. माझं खरं बोलणंसुद्धा माझ्याच मोठेपणात जमा झालं.

मग मी त्यांच्यासमोर, बाहेरच्याच टेबलावर, मशीन उघडली. अक्काची फळी आणून एकेक भाग धरत गेलो. फार वेळ लागला. एक वायर सुटलेली निघाली, ती बसवली. मशीन तापू लागली. पत्रा चांगला गरम झाल्यावर मी त्यावर उजवा तळहात टेकवला. पाच मोजेपर्यंतसुद्धा ठेववला नाही, हात झटक्यानं मागे आला.

“भाजलं का?” मास्तर दचकून उठले.

“तुमी ठिवून बघा,” मी म्हणालो. “त्या दिशी नाटक संपस्तोवर अक्का असाच हात लावून अंदाज घेत बसली होती.”

त्यांनी हात ठेवला, आणि लगेच काढला. तळव्यावर फुंकर मारत ते माझ्याकडे बघत राहिले. मग आतल्या खोलीच्या दाराकडे वळून हळूच विचारलं, “तीन तास?”