बाईंनी परत घेतलेली गोष्ट

आपल्या धर्माला कोणी नावं ठेवली की माणसाचा चेहरा पडतो, नाहीतर चढतो. आमच्या बायबलबाईंचा खुलायचा. सावली गावच्या आठवडी बाजारात झाडाला चित्रांची गुंडाळी टांगून त्या येशूच्या गोष्टी सांगत, आणि गर्दीच्या मागून कोणी शिकलेला गृहस्थ खोचक काही बोलला की हातातली छडी खाली ठेवत. "भाऊ, समोर या. बसा इथी. पाणी घ्या. आता तेच पुन्हा सांगा, मले नीट आयकू नाई आलं." ऐकू अगदी स्वच्छ आलेलं असे. पण आक्षेप दुसऱ्यांदा सांगायला लावला की त्यातला खोचकपणा गळून जातो आणि खरा प्रश्न तेवढा उरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मिशनच्या दवाखान्याकडून गावोगाव जायचं, बायकांना शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, सांगायचं, बाळंतिणींची विचारपूस करायची, हे त्यांचं काम. म्हणून ख्रिस्ती घरांत त्या बायबलबाई आणि बाकीच्यांत येशूवाली बाई. खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. माझे वडील त्याच दवाखान्यात कंपाउंडर होते. पन्नास सालानंतरची ती वर्षं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच, म्हणजे आताच्या चंद्रपूरचाच. बाई ठेंगण्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला. एकदा चालायला लागल्या की बैलबंडी मागे पडे.

एकदा बाजारात एका वकीलसाहेबांनी त्यांना गाठलं. "तुमच्या चार शुभवर्तमानांपैकी तीन पुस्तकं म्हणतात, यहुद्यांच्या सणाचं जेवण जेवून मग येशू मेला. चौथं म्हणतं, सणाच्या जेवणाआधीच मेला. खरं कोणतं?" मी शेजारीच उभी होते.

"बरोबर हाय, भाऊ. नाई जुळत," बाई म्हणाल्या. "मीबी बोट ठेवून पाह्यलं."

वकीलसाहेब कंबर कसून आले होते. "मग खोटं म्हणायचं की नाही?"

"माया बाप पोळ्याच्या आदल्या दिवशी मेला म्हणून मी सांगते. माया भाऊ म्हणते, पोळ्याच्या दिवशी. आमी दोघं अजून भांडून राह्यलो. पण वकीलसाहेब, बाप तं मेला ना!"

बाजार हसला, वकीलही हसले. ते गेल्यावर बाई गुंडाळी बांधता बांधता मला म्हणाल्या, "हसवलं, पण उत्तर पुरं नाई झालं. दिवस काऊन जुळत नाई ते मले खरंच नाई माहीत." समोरच्याला गप्प केल्याचा आनंद त्यांना कधी टिकतच नसे. मला त्याचा फार राग यायचा. जिंकलेली बाजी अशी सोडून कशाला द्यायची?

वैनगंगेकाठी ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, एक छोटी वस्ती होती, टोली म्हणत तिला, तिथं त्या महिन्यातून एकदा जात. टोलीचे म्हातारे डोमाभाऊ चित्रं फार बारकाईनं बघायचे. येशूचा शिष्य पेत्र जाळं टाकतो आहे ते चित्र पाहून म्हणाले, "असं जाळं फेकलं तं माणूसच पाण्यात जाईन, बाई." बाईंनी पेन्सिल काढून चित्राच्या पाठीवर तसं लिहून ठेवलं. पुढे प्रत्येक गावात त्या आधीच सांगून टाकत, "जाळं चितारणाऱ्यानं चुकवलं हाय. गोष्टीवर राग नका काढू."

मी त्या वेळी नागपूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते आणि सुटीत त्यांच्याबरोबर हिंडायची. शहाणपण नवं नवं होतं, ते कुठंतरी दाखवायलाच हवं. म्हटलं, "त्या गोष्टीत पेत्राच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आले म्हणे! मोजत कोण बसलं होतं?"

डोमाभाऊंनी माझी कीव केली. "जाळ्यावर सात जण होते ना, पोरी? मंग मोजाच लागते. नाई तं वाटे कसे पाडतीन?"

आता बाई हे गावभर मिरवणार, अशी माझी खात्री. त्या म्हणाल्या, "कोणीतरी मासे मोजले, इतकंच झालं. काठावर मरून उठलेला येशू उभा होता, ते ठरवाचं बाकीच हाय."

हे आज मी कौतुकानं सांगते आहे. तेव्हा मी आतून पार पोखरले गेले होते. नागपूरच्या वाचनालयात ख्रिस्ती धर्मावर टीका करणारं एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती लागलं होतं. शुभवर्तमानं कोणी लिहिली, किती वर्षांनी लिहिली, कशात काय भर पडली, पानामागून पान. आणि इकडे ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या, सणानंतर बिशपसाहेब येणार होते, माझं दृढीकरण ठरलं होतं. लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी थोरांनी माझ्या वतीनं जी वचनं दिली, ती आता सगळ्या मंडळीसमोर मी स्वतः द्यायची. आईनं पांढरी साडी आणून ठेवली होती. मला ते शब्द तोंडातून काढवणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि ते कोणाला सांगायची माझी छाती नव्हती.

राग निघाला तो बाईंवर. त्यांची एक आवडती गोष्ट होती, कुठल्याशा पत्रकात वाचलेली. विलायतेतला एक मोठा पंडित. त्यानं जन्मभर ख्रिस्ताविरुद्ध पुस्तकं लिहिली आणि मरताना उशाशी शुभवर्तमान मागून रडला. ही गोष्ट सांगताना बाईंचे स्वतःचेच डोळे भरून येत. एके दुपारी दवाखान्याच्या ओसरीत मी ताडकन म्हटलं, "ती गोष्ट खोटी आहे. त्या पंडिताची मुलगी शेवटपर्यंत उशाशी बसून होती. असं काही घडलंच नाही, असं तिनं छापून सांगितलंय. आणि मला दृढीकरण नको."

बाईंचा चेहरा खुलला नाही. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "पुन्हा सांग." मी सांगितलं, या वेळी रडत.

त्यांनी पत्रक छापणाऱ्यांना कार्ड टाकलं. महिन्यानं उत्तर आलं की आम्ही ती गोष्ट दुसऱ्या एका पत्रकातून घेतली, मूळ आम्हाला ठाऊक नाही. बाईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि पाद्रीसाहेबांकडे गेल्या. ज्या ज्या गावात ती गोष्ट सांगितली, तिथं तिथं जाऊन ती परत घ्यायची, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पाद्रीसाहेब भला माणूस, पण घाबरला. "बाई, एक परत घेतली तर लोक म्हणतील, सगळ्याच घ्या."

"म्हणू द्या ना. पण साहेब, खोट्याचा टेकू लावून देवाले उभं ठेवाचं काय? टेकू लागत असन तं तो देव कायचा?"

सात गावं होती. मी बरोबर गेले, कारण ही आग मीच लावली होती. पहिली ढिवरटोलीच. जाळी वाळत घातलेली, माणसं बसलेली. बाईंनी गुंडाळी सोडलीसुद्धा नाही. उभ्यानंच म्हणाल्या, "मी तुमाले त्या पंडिताची गोष्ट सांगत होती. ती खरी नाई निंगाली. मी न पाहता सांगली, चूक माही हाय. ती मी परत घेते."

आता ही माणसं बाईंना हाकलून लावणार आणि ते माझ्या जिभेमुळे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डोमाभाऊंनी तंबाखू थुंकली.

"ते मरतेवेळी पुस्तक मांगणाऱ्याचं होय? ते तं आमाले पह्यलेच नोतं पटलं, बाई. मरतेवेळी माणूस पाणी मांगते. पुस्तक कायले मांगन?"

"मंग मले सांगलं काऊन नाई?"

"तुमाले ते लय आवडत होती. म्हटलं, सांगू द्या बाईले."

सगळी टोली खदखदून हसली. बाई आधी ओशाळल्या, मग डोळ्यांना पदर लावून त्याही हसत सुटल्या. माझ्या छातीवरचं दगडाचं ओझं त्या हसण्यात उतरलं. मग डोमाभाऊंच्या सुनेनं हळूच विचारलं, "बाकीच्या गोष्टी बी परत घ्याच्या हायेत काय, बाई?"

बाई आता खाली बसल्या. "ज्या खोट्या निंगतीन त्या घेईन. ज्या माहीत नाई त्याले माहीत नाई म्हणीन. येशू मेला हे त्याच्या वैऱ्यायलेबी माहीत होतं. तो उठला हे मी नाई पाह्यलं. ज्यायनं पाह्यलं म्हटलं, ते मार खाऊनबी तेच म्हणत राह्यले. त्यायच्या बोलण्यावर मी आपला जीव टाकला. तुमी टाका नाई तं नका टाकू, मी येतच राहीन." त्या सुनेनं मान हलवली आणि मागच्या महिन्यातली अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करायला सांगितली.

परतताना धानाच्या बांध्यांतून आम्ही पुढेमागे चालत होतो. मी मागून विचारलं, "आणि माझं काय?"

"तुयं काय? मन ठरलं नाई तं बिशपासमोर बोलू नको. बिशप दोन वर्षांनं पुन्हा येईन. तवाबी नाई ठरलं तं त्याच्या पुढच्या खेपेले."

"आईला कोण सांगणार?"

"मी सांगते ना."

आणि त्यांनी सांगितलं. आई चुलीपुढे बसली होती. बाई म्हणाल्या, "तुयी पोरगी देवासमोर खोटं बोलाले तयार नाई. रडतं काऊन? गोड कर कायतरी." आई थोडी रडलीच, पण तिनं साडी घडी करून पेटीत ठेवली आणि मला एका शब्दानं बोलली नाही. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. शंका सगळ्या होत्या तिथंच होत्या. लपवायच्या मात्र राहिल्या नव्हत्या.

दोन वर्षांनी मी दृढीकरणाला उभी राहिले, ती त्याच साडीत. तोवर बाईंची बदली अहेरीकडे झाली होती. पुढे त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी शाळेतून रजा काढून गेले. अंगावर मूठभर मांस उरलं होतं. म्हणाल्या, "झालं ना मंग दृढीकरण? सगळं म्हटलं?"

खोटं बोलायची सवय त्यांनीच मोडली होती. "म्हटलं. पण उपासनेत सगळे मिळून विश्वासांगीकार म्हणतो ना, त्यातलं एक वाक्य मी अजून अगदी हळू म्हणते, बाई. शरीराचं पुनरुत्थान, मेलेले पुन्हा उठतील ते. तिथं माझा आवाजच निघत नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर तेच बाजारातलं हसू आलं. "तेच ना? मीबी हळूच म्हणते. लहानपणापासून. आजूबाजूले मोठ्यानं म्हणणारे राह्यते, त्यायच्यात चालून जाते आपलं."

मी त्यांचा हात धरून किती वेळ हसत होते कोण जाणे. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाई शंकांच्या पैलतीरावर उभ्या आहेत.

पावसाळ्याच्या आधी त्या गेल्या. अहेरीला दफनाला माणसं थोडी होती. पाद्री, दवाखान्यातली चार माणसं आणि मी. विश्वासांगीकार म्हणता म्हणता ते वाक्य आलं. पाद्रीसुद्धा पुटपुटतच होते; मोठ्यानं म्हणणारं आजूबाजूला कोणीच नव्हतं. मीच म्हटलं, मोठ्यानं, दोघींच्या वाटचं.