साडूची स्कूटर

नव्या रेक्झिनचा वास आला की मला साडूची स्कूटर आठवते. सत्तरच्या दशकात तो नागपुरात एका बँकेत कारकून होता आणि मी वाडीच्या गोदामात माल उतरवून घ्यायला रोज सायकल रेटत जायचो. एका ईदला तो नव्या स्कूटरवर बायकोला मागे बसवून आमच्या दारात आला. माझी बायको निळ्या सीटवरून नुसता हात फिरवत राहिली, आणि मला शिरखुर्मा गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मोमिनपुऱ्यात आमच्या गावाकडच्या मौलानांना गाठलं आणि गरीब चेहरा करून विचारलं, "बँक म्हणजे व्याजाचा धंदा. साडूच्या पगाराचं जेवण आम्हाले चालते का?" ते म्हणाले, व्याज हराम, त्यात वाद नाही, पण बँकेच्या नोकरीवर आलिमांचं, म्हणजे धर्माच्या जाणकारांचं, एकमत नाही. कोणी साफ मना करतात, कोणी दुसरी रोजी मिळेपर्यंत सूट देतात. मला तर 'हराम' हा एकच शब्द घरी न्यायचा होता, म्हणून मी उठेना. तेव्हा त्यांनी विचारलं, "तो बँकेत कधीपासून हाये?" "नऊ वर्षं झाली." "अन् तू त्याच्या घरी जेवत होता?" "होय जी." "मंग हा सवाल आजच काहून पडला गा तुले?" मी तसाच उठून आलो आणि घरी अवाक्षर काढलं नाही. परवा शेजाऱ्याची नवी गाडी दारात लागली. मी म्हटलं, याच्याकडे एवढा पैसा आला कुठून? बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मौलाना तर राहिले नाहीत. आता कोणाले विचारसान?"