कॉपी पूर्ण, पण दादा गायब

मंडळी, आज दुपारी ऐरोलीच्या घरात पंख्याखाली बसून घाम फुटला.

मला दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. त्याच्या भरवशावर आमच्या गावच्या भजनी मंडळाची सीडी लॅपटॉपवर उतरवत होतो. त्यात माझ्या वडिलांचा, दादांचा पखवाज आहे. सहाव्या अभंगाआधी ते एकच वाक्य बोलतात. दादा गेले, आता आवाज तेवढाच उरलाय.

"कॉपी पूर्ण," स्क्रीन रीडर म्हणाला.

बायको लगेच, "झालं ना? मग ती चरे पडलेली सीडी टाकू का भंगारात?"

"थांब गं! त्याने पूर्ण म्हटलंय, मी कुठे ऐकलंय?"

सहावी फाइल लावली. टाळ, खरखर आणि मग थेट अभंग. दादा नाहीतच!

सीडी मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली आणि पुन्हा लावली. "बेचाळीस टक्के" म्हणून स्क्रीन रीडर गप्प. अडकलं की चाललंय, कळेना. ड्राइव्हला कान लावला. आत सीडी अडखळत घरघरत होती.

"बंद करा, फुटेल ती!"

"फिरतेय अजून. बोलू नकोस."

हळूहळू घरघर एकसुरी झाली, कॉपी संपली. फाइल लावली.

"घाई कुणाला आहे रे? सावकाश घ्या."

"अगंबाई, मामंजी!" बायकोने डोक्यावर पदर घेतला असावा, बांगड्या वाजल्या.

तुम्हीही घरच्या सीडी उतरवल्या असतील. मूळ सीडी टाकण्याआधी कॉपी शेवटपर्यंत ऐकली होती का? खरं सांगा.