मनात येईल ते

पांढऱ्या फळ्यावरच्या मार्करचा वास आला की मला चेन्नईतलं ते थंडगार ऑफिस आठवतं. आम्ही प्रोग्रामर प्रोग्रॅममधली चूक कशी शोधतो, याचा अभ्यास करणाऱ्या एक प्राध्यापिका माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या तंजावरकडच्या मराठी, मला तमिळ वळणाने 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. "तंबी, मनांत येतें तें बोलत जा, थांबूं नको," असं म्हणून त्यांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझ्या मनात काय चालतं, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी भरभरून बोलत होतो. "तारीख इथे चुकतेय... नाही, इथवर बरोबर आहे..." तेवढ्यात पडद्यावर ईमेल आली. सांगितल्याप्रमाणे मी तीही मोठ्याने वाचली: प्रोजेक्ट बंद, तुमची नोकरी आजपासून संपली, संध्याकाळी लॅपटॉप जमा करा. नोकरी कायम झाली म्हणून आईने नुकतेच गावात पेढे वाटले होते. "आता आईला काय सांगू," मी बोलून गेलो. बाईंनी हळूच रेकॉर्डिंग थांबवलं. "हें अभ्यासांत धरतां येत नाहीं, तंबी." मी विचारलं, "चूक सापडलीय. दुरुस्त करू?" त्या खाली बघत म्हणाल्या, "आतां कोणासाठीं?" बाई चांगल्या होत्या, छापलेला शोधनिबंध त्यांनी आठवणीने पाठवला. मी चूक कशी शोधली, ते त्यात सगळं आहे. आई अजून गावात माझ्या कायमच्या नोकरीबद्दल सांगत असते, आणि मी तिला थांबवलेलं नाही.