नावापुढची खूण
व्हाइटनरचा उग्र वास नाकात गेला, की मला नव्वदच्या दशकातली लखनऊची एक दुपार आठवते. धुकं इतकं, की संशोधन संस्थेच्या खिडकीतून समोरचा कडुलिंबही दिसत नव्हता. आमच्या गटात तीन महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आलेले नागपूरचे सर संध्याकाळी चारबाग स्टेशनहून गाडी धरणार होते आणि आमचा सगळ्यांचा मिळून लिहिलेला लेख त्याच दिवशीच्या डाकेनं जायचा होता. मी टाइप केलेलं पहिलं पान बघताना सर थबकले. तळटीपेत त्यांचा पत्ता द्यायचा, म्हणून मी त्यांच्या नावापुढं पेनानं खंजिराची खूण (†) काढली होती. "अगं, ही खूण मेलेल्या लेखकाच्या नावाला लावतात," ते हसून म्हणाले. "पूस ती. यमाला माझा पत्ता कशाला कळवतेस?" मी ऑफिसात धावले. "मॅडम, व्हाइटनर तो सूख गया, कल मँगवा देंगे," तिथले बाबू म्हणाले. डाक थांबणार नव्हती. "राहू दे मग," सर म्हणाले, पण या वेळी हसले नाहीत. उन्हाळ्यात लेख छापून आला, तेव्हा सरांना जाऊन महिना झाला होता आणि ती खूण अगदी बरोबर होती. माझ्या टेबलावरची व्हाइटनरची बाटली मी अजूनही सुकू देत नाही.