भिंतीकडे तोंड

रविवारी घाटकोपरच्या घरी मी आणि आमचा कॉम्प्युटरवाला, दोघंच होतो. वडिलांच्या आवाजाचं एकमेव रेकॉर्डिंग असलेली डिस्क त्यानेच फुकटच्या सॉफ्टवेअरने कुलूपबंद केली होती. आता ती उघडेना. त्याने नेहमीचा इतिहास सुरू केला.

"काका, ते सॉफ्टवेअर बनवणारे कोण, कुणालाच माहीत नाही. एक दिवस 'वापरू नका' लिहून गायब! दुसऱ्यांनी पुढे चालवलं, पण नव्यात जुनं कुलूप उघडत नाही."

"इतिहास पुरे रे, डिस्क उघड!"

त्याने जपून ठेवलेलं जुनं सॉफ्टवेअर टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "पासवर्ड टाका."

माझे अकरा चुकले. "अरे, इकडे बघ तरी!"

"तुमचा पासवर्ड मला दिसायला नको."

बाराव्याला वडील बोलले.

"किती द्यायचे?"

"सॉफ्टवेअर फुकटच आहे, काका. रिक्षाचे सव्वीस द्या."

मी तीस दिले. पाठमोरा राहूनच त्याने चार परत केले.