मी आयकून राहिलो

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कोणाचे वडील नाइट शिफ्ट करून आलेत, हे दारातल्या सायकलीवरून कळायचं. दिवसा सायकल उभी दिसली, की त्या घरात सगळे कुजबुजत बोलायचे.

मी दुर्गच्या कॉलेजात जाऊ लागले, घराण्यातली पहिलीच. इंग्रजी पुस्तकं मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नसत आणि आत तर बाबा झोपलेले. अशा दुपारी शेजारचे काका आपल्या व्हरांड्यातून हात करायचे. "इकडे ये वो पोरी. तुह्या बाबाले झोपू दे."

माझ्यासारखीच आणखी दोघं-तिघं तिथं जमायची. काका गळ्यात टॉवेल टाकून वेताच्या खुर्चीत बसायचे. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. थोड्याच वेळात ते घोरू लागायचे आणि आम्ही पुस्तकाआड हसायचो. दया येऊन वाचणं थांबवलं, तर मात्र लगेच डोळे उघडायचे. "कावून थांबली? वाच ना, मी आयकून राहिलो."

परीक्षेच्या दिवसांत एकदा काकू दारात येऊन त्यांना हलकेच म्हणाल्या, "आतमंदी जाऊन पडा ना जरा. रातभर मिलमंदी उभे होते."

"तिथं याहून जास्त आवाज रायते," काका डोळे मिटूनच म्हणाले. "वाच वो पोरी."

मी मान वर केली. कठड्याला काकांची सायकल टेकलेली होती. आमच्या कॉलेजच्या पिशव्या नेहमीसारख्या तिच्याच हँडलला लटकत होत्या.